कचेरी सुटल्यानंतरचे वाचन

जनसंपर्काच्या नोकरीत आलेली नवी मंडळी आम्हांस सांगतात, "कचेरी सुटली की बातम्यांशी आमचा संबंध संपला. काही विशेष घडलेच तर मोबाइल कळवतोच." विश्रांतीचा हक्क आम्हांस मान्य आहे. रात्री-अपरात्री वरिष्ठांचे दूरध्वनी घेत बसण्याचे समर्थन आम्ही करणार नाही. परंतु जाणकार राहणे हेही घड्याळाला बांधून टाकावे, हा विचार आम्हांस साफ नामंजूर आहे.

कचेरीत माहिती येते ती कात्रणांच्या रूपाने. आणि कात्रणे कोणती? ज्यांत आपल्या खात्याचे वा मंत्र्यांचे नाव छापून आले ती. म्हणजे प्रकरण खात्याच्या दारात येऊन उभे राहिल्यावरच ते फायलीत शिरते. मोबाइलही बहुधा आपण आधी पाहिलेलेच पुन्हा पुढे करतो. शहरात काय शिजत आहे हे कळण्यासाठी खात्याचे नाव नसलेला मजकूर वाचावा लागतो, आणि त्याला सवड मिळते ती कचेरीबाहेरच.

आमच्या मध्य प्रदेशातलेच उदाहरण घ्या. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातील धोक्याविषयी पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्येच आपल्या 'रपट' या लहानशा हिंदी साप्ताहिकात लिहिले होते. जून १९८४ मध्ये 'जनसत्ता'त त्यांनी पुन्हा लिहिले. त्याच वर्षी २ डिसेंबरच्या रात्री विषारी वायू सुटला. तो रविवार होता. कचेऱ्या बंद होत्या. हजारो माणसे दगावली. ओले फडके तोंडावर धरा, एवढी साधी सूचनाही बहुतेकांपर्यंत वेळेवर पोचली नाही.

एखाद्या माहिती अधिकाऱ्याने ते अरिष्ट टाळले असते, असे आम्ही म्हणत नाही. निर्णय घेणारे निराळे होते, आणि कंपनीचा दोष कोणाच्या वाचनाने धुतला जात नाही. परंतु असे लेख घरी बसून वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न आधीच तयार होतात: टाकीत कोणता वायू आहे, वस्ती किती जवळ आहे, उपाय काय आहे. न वाचणाऱ्याचा प्रश्नांचा शोधच मुळी दुर्घटनेनंतर सुरू होतो.

तेव्हा नव्या मंडळींनी आपल्या खात्याचा उल्लेखही नसलेले एखादे स्थानिक पत्र रोज अर्धा तास वाचावे. त्यासाठी भत्ता मिळणार नाही, गोपनीय अहवालात नोंदही होणार नाही. परंतु संकटाच्या रात्री लोकांना काय सांगायचे, हे त्या रात्री शिकता येत नाही.