पॅड बसवण्याआधी दार दाखवा

घरी हौसेने बसवलेली गाडीची स्टिरिओ ऐकायला मित्र जमले की चौकशी सुरू होते. स्पीकर कुठले, ॲम्प्लिफायर किती वॅटचा, एकूण गेले किती? डोअर पॅडबद्दल कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर रेक्झिनच्या रंगाबद्दल. खरं तर एवढे पैसे ओतून खर्ज ऐकू येणार की नुसती खडखड, याचा निकाल दाराचा पत्रा आणि त्यावरचं पॅड लावतं. आपल्या हौशी मंडळींनी आणि ॲक्सेसरीजच्या दुकानांनीही मिळून खर्चाचा क्रम उलटा करून ठेवला आहे.

गाडीत संगीत शिरलं तेव्हा दाराचा काही संबंध नव्हता. शिकागोच्या पॉल गॅल्विन यांनी १९३० साली आपल्या स्टुडबेकरमध्ये रेडिओ बसवला, ती गाडी अटलांटिक सिटीच्या रेडिओ कारखानदारांच्या अधिवेशनाला नेली आणि बाहेर उभी करून लोकांना ऐकवली. तोच पुढे 'मोटोरोला'. आपल्याकडे मारुती ८०० च्या जमान्यात मागच्या काचेखालच्या फळीवर दोन लंबगोल स्पीकर ठोकले की काम फत्ते. गाणं पाठीमागून येतंय याचं कोणालाच काही वाटत नसे. पुढे स्पीकर दारात आले, आवाज समोर आला, आणि दाराची दुखणीही सोबत आली.

पहिलं दुखणं पाण्याचं. काच आणि रबराच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरतंच. ते उतरणार हे धरूनच कंपनी दाराच्या तळाशी भोकं ठेवते आणि पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवते. हौशी माणूस वायर ओढण्याच्या नादात तो कागद टराटरा फाडतो, वर डॅम्पिंग शीट लावताना तळाची भोकंही बुजवून टाकतो. मग स्पीकरखालची एमडीएफची रिंग. एमडीएफ स्वस्त आणि कापायला सोपं, पण पाणी प्यायलं की फुगतं, स्क्रू धरत नाही. कोकणातला एखादा पावसाळा तिला पुरे होतो. मरीन प्लाय किंवा जाड प्लास्टिकची रिंग थोडी महाग पडते, पण दार पुन्हा उघडायची वेळ येत नाही. एमडीएफच वापरायचं असेल तर कापलेल्या कडांसकट त्याला रेझिन पाजायला हवं.

दुसरं दुखणं डोळ्यांना दिसत नाही. स्पीकरचा कोन पुढे सरकतो तेव्हा त्याच्या मागची हवा विरळ होते. पुढची लहर आणि मागची लहर एकमेकींच्या बरोबर उलट असतात. शंभर हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेतीन मीटर, त्यामुळे दाराच्या आतल्या पत्र्याला काचेच्या यंत्रणेसाठी ठेवलेल्या हातभर भोकांतून मागची लहर सहज पुढे येते आणि खर्जाला खाऊन टाकते. ही भोकं नीट बंद केली आणि बाहेरच्या पत्र्याला ब्युटाइलची शीट चिकटवली, तर साधा स्पीकरही भरदार वाजतो. दार उघडं ठेवून महागडा स्पीकर लावणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं. दुकानदार हे सहसा सांगत नाहीत, कारण शीट विकण्यापेक्षा स्पीकर विकण्यात जास्त सुटतं.

यानंतर येतं ते पॅड, आणि खरं कसब इथेच दिसतं. कापाकापी मूळ पॅडवर करूच नये. भंगारवाल्याकडून त्याच गाडीचं जुनं पॅड आणावं आणि कंपनीचं पॅड माळ्यावर ठेवावं. गाडी विकताना ते उपयोगी पडतं. स्पीकरची जागा ठरवताना काच पूर्ण खाली घेऊनच खोली मोजावी. मॅग्नेटच्या जागी कणकेचा गोळा चिकटवून काच खाली-वर केली की कुठे अडतंय ते लगेच कळतं. स्पीकरभोवतीचा उंचवटा करायचा तर ताणलेल्या कापडावर पॉलिएस्टर रेझिन, त्यावर फायबरची मॅट, मग पुट्टी आणि पॉलिश पेपर: आधी ८० नंबर, मग १२०, मग २२०. हे काम फ्लॅटच्या गॅलरीत करू नये. स्टायरीनच्या वासाने अख्खी सोसायटी दारात येते, आणि घासताना उडणारा फायबरचा भुगा मास्कशिवाय छातीत जातो.

सर्वांत जास्त पॅड बिघडतात ती रेक्झिनमुळे. चिकटवायचं सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. घाई केली तर आत अडकलेल्या वाफेचे फुगे पुढच्या उन्हात वर येतात. खोलगट वळणावर रेक्झिन आधी तळाशी दाबून बसवावी, मग कडांकडे न्यावी. उलट केलं तर ती दोन कडांच्या मध्ये ताणून राहते आणि मे महिन्यात सुटते. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, उन्हात तासभर उभ्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सियसपर्यंत तापले होते. विदर्भातली दुपार त्याहून दयाळू असेल, असं समजायचं कारण नाही. हीट गनने जास्त ताणलेली रेक्झिन अशा उष्णतेत पुन्हा आक्रसते. म्हणून खोल वळणावर अखंड तुकडा ओढण्याचा हट्ट सोडून शिलाई घ्यावी. चांगले सीटकव्हरवाले हेच करतात आणि ते दिसतंही छान. जाळीवरच्या कापडाची परीक्षा सोपी आहे: तोंडाला लावून फुंकर मारावी, श्वास आरपार गेला तर आवाज जाईल. भोकं पाडलेली रेक्झिन तिथे चालत नाही.

आणि पॅड पुन्हा निघालं पाहिजे. काचेचं रेग्युलेटर आज ना उद्या बिघडतंच. क्लिपा मोडल्या म्हणून पॅड सोल्युशनने किंवा दिसेल तिथे स्क्रू मारून बसवणारे कारागीर कमी नाहीत. मग पुढचा मेकॅनिक पाना घालून ते उपसतो आणि सगळी मेहनत मातीत जाते. क्लिपा नव्या घ्याव्यात, स्पीकरच्या वायरला कपलर लावावा. मूळ वायरिंग तोडून टेप गुंडाळू नये.

काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी दारातल्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. अशा दारात भोकं बुजवणं किंवा नवी पाडणं हा हौसेचा विषय नाही. तिथे आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारावं आणि नाही म्हणाले तर थांबावं.

दुकानातून काम करून घेणाऱ्यांनी एवढं करावं: पॅड बसण्याआधी दार उघडं असताना तिथे हजर राहावं. तळाची भोकं मोकळी आहेत का, पाण्याचा कागद किंवा त्याच्या जागी शीट सलग आहे का, रिंग कशाची आहे, हे डोळ्यांनी पाहून मोबाइलवर फोटो काढावा. जो कारागीर दाखवायला कांकू करतो, त्याला पैसे देण्याआधी दुसरं दुकान पाहावं.