विश्लेषण : डिस्ने गेल्यावर ‘डॉक्टर हू’चे काय?

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेतून डिस्ने प्लस बाहेर पडत असल्याचे बीबीसीने 28 ऑक्टोबर 2025 रोजी जाहीर केले. मालिका बंद होणार नाही. पण पुढचा भाग थेट 2026 च्या नाताळात येईल. वेल्समधील कार्डिफ शहरातली ही घडामोड तळेगाव दाभाड्याच्या वाचकांना ओळखीची वाटेल. जनरल मोटर्सने इथला कारखाना थांबवला, तेव्हाही निर्णय दूर परदेशातच झाला होता. मोठा भागीदार निघून गेला की काय थांबते आणि काय टिकते?

ही मालिका इतकी वर्षे कशी टिकली?

‘डॉक्टर हू’चा पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी प्रसारित झाला. परग्रहावरचा एक कालप्रवासी पोलिसांच्या निळ्या खोक्यासारख्या यानातून फिरतो, एवढीच मूळ कल्पना. नायकाचे काम करणारे विल्यम हार्टनेल 1966 मध्ये मालिकेतून बाहेर पडले, तेव्हा लेखकांनी तोडगा काढला की हा परग्रहवासी मरणाच्या दारात पोहोचला की नवे शरीर धारण करतो. त्यामुळे कलाकार बदलला तरी कथा चालू राहिली. 1989 मध्ये मालिका बंद पडली. मधल्या काळात 1996 चा एक दूरचित्रपट वगळता शांतता होती. 2005 मध्ये ती परतली आणि तिचे घर कार्डिफ झाले.

डिस्नेचा करार काय होता?

ऑक्टोबर 2022 मध्ये झालेल्या या करारानुसार ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये मालिका बीबीसीवर, तर इतर जगात डिस्ने प्लसवर दिसू लागली. करार एकूण 26 भागांचा होता. त्यात ‘द वॉर बिटवीन द लँड अँड द सी’ या उपमालिकेचे पाच भागही आले. डिस्नेच्या पैशामुळे दृश्यपरिणाम भव्य झाले. पण पुढच्या भागांचा निर्णय दोघांच्या संमतीवर अवलंबून राहिला आणि 2025 चे वर्ष त्या होकाराची वाट पाहण्यात गेले.

पडद्यावर मात्र ते जाणवले नाही. एप्रिल-मे 2025 मध्ये आठ भागांचे नवे पर्व दाखवले गेले. त्याचे बहुतेक चित्रीकरण 2024 च्या मध्यापर्यंतच उरकले होते. म्हणजे प्रेक्षक नवे भाग पाहत होते, तेव्हा स्टुडिओत पुढच्या पर्वाचे काम नव्हते. नायक न्कुटी गाटवा यांनी मेअखेरच्या भागात निरोप घेतला आणि 2025 च्या नाताळात नेहमीचा विशेष भाग आला नाही.

तळेगावशी तुलना का?

जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. कंपनीने 2017 अखेर भारतातली गाड्यांची विक्री थांबवली, तरी निर्यातीसाठी इथे उत्पादन चालूच होते. तेही डिसेंबर 2020 मध्ये थांबले. पुढच्या वर्षी सुमारे चौदाशे कामगारांना कपातीला सामोरे जावे लागले. चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी झालेला विक्रीचा करार सरकारी मंजुरीअभावी 2022 मध्ये बारगळला. ह्युंदाईने ऑगस्ट 2023 मध्ये करार केला, जानेवारी 2024 मध्ये ताबा घेतला आणि ऑक्टोबर 2025 मध्ये, डिस्नेची बातमी आली त्याच महिन्यात, इथून पुन्हा गाड्या बाहेर पडू लागल्या. मधे जवळपास पाच वर्षे गेली.

इमारत आणि यंत्रे थांबू शकतात, माणसे थांबत नाहीत. कामगार दुसरीकडे जातो, पुरवठादार दुसरे गिऱ्हाईक शोधतो. कार्डिफमध्येही वेशभूषाकार, सुतार, प्रकाशयोजनाकार हे बहुतेक कामापुरते नेमलेले असतात. वर्षभर चित्रीकरण नसेल तर अनेक वर्षे एकत्र काम केलेली माणसे पांगतात.

फरक मालकीचा आहे. तळेगावच्या कारखान्याचा मालकच निघून गेला, म्हणून नवा मालक मिळेपर्यंत सगळे ठप्प झाले. ‘डॉक्टर हू’ची मालकी मात्र बीबीसीकडेच राहिली. तिच्यामागे ब्रिटनमधल्या घराघरांतून येणारे परवाना शुल्क आहे; 2025 मध्ये ते वर्षाला 174.50 पौंड होते. म्हणून डिस्ने गेल्यावर वेग मंदावला, पण मालिका मेली नाही.

मग आपल्याकडे अशी मालिका का नाही?

कथा नव्हत्या, असे म्हणता येणार नाही. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये टोपणनावाने कथा पाठवली आणि पुढे मराठीत विज्ञानकथेचा मोठा वाचकवर्ग तयार झाला. केंब्रिजमधले त्यांचे मार्गदर्शक फ्रेड हॉइल यांनी तर 1961 मध्येच बीबीसीसाठी ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका सहलेखक म्हणून लिहिली होती.

अडचण पैशाच्या दिशेत होती. बीबीसी मालिका बनवण्यासाठी पैसे देते. दूरदर्शनच्या प्रायोजित पद्धतीत निर्मात्याने प्रक्षेपण शुल्क भरायचे आणि जाहिरातींतून ते वसूल करायचे. मिलिंद सोमण यांची भूमिका असलेली ‘कॅप्टन व्योम’ 1998 मध्ये मोठ्या अपेक्षेने आली, पण तिची परंपरा झाली नाही. 1997 ते 2005 चाललेली ‘शक्तिमान’ लोकप्रिय असूनही थांबली. वाढते शुल्क हे त्यामागचे एक कारण असल्याचे मुकेश खन्ना यांनीच मुलाखतींत सांगितले आहे. विज्ञानकथेत सेट आणि दृश्यपरिणामांचा खर्च आधी करावा लागतो, प्रेक्षक सावकाश जमतो. असा खर्च दर आठवड्याच्या जाहिरातींवर पेलणे अवघड.

पुढे काय?

2026 च्या नाताळचा भाग रसेल टी. डेव्हिस लिहिणार आहेत. पहिल्या पर्वात 42 भाग देणारी ही मालिका या वर्षात एकच भाग देईल. बीबीसीला नवा भागीदार हवाच असेल. पण त्याच्या होकारावाचून पुढचे चित्रीकरण सुरूच होणार नाही, असा करार पुन्हा झाला तर 2025 सारखे वर्ष पुन्हा येऊ शकते. तळेगावात ह्युंदाईचे काम सुरू झाल्याचा आनंद आहेच. पण मधल्या पाच वर्षांत पांगलेल्या कामगारांपैकी किती जणांना त्याच फाटकातून आत जाता आले, हाही प्रश्न विचारायला हवा. कार्डिफच्या स्टुडिओतही पुढे हाच प्रश्न येईल.