ओळखीची गाडी, अनोळखी कागद

दसरा-पाडवा जवळ आला की मध्यमवर्गीय घरात चारचाकीचा विषय निघतो. नव्या गाडीची किंमत आवाक्याबाहेरची असते, म्हणून नजर जुन्या गाडीकडे वळते. त्यात कमीपणा काहीच नाही. उलट ऋण काढून सण करण्यापेक्षा अंथरूण पाहून पाय पसरणे केव्हाही शहाणपणाचेच. परंतु हा व्यवहार बहुधा 'ओळखीतला माणूस आहे, फसवणार नाही' या एकाच वाक्यावर उरकला जातो, आणि संकटाचे बीज नेमके तिथेच पडते.

सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेला एक निकाल या संदर्भात डोळ्यांत अंजन घालणारा आहे. एका मालकाने २००७ मध्ये आपली गाडी विकली. पुढे ती अनेक हातांतून गेली. नोंदणी मात्र मूळ मालकाच्याच नावावर राहिली. २००९ मध्ये त्या गाडीखाली एकाचा जीव गेला. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असे न्यायालयाने ठरविले. अपघातग्रस्तांच्या कुटुंबाने एकेका खरेदीदाराचा माग काढत फिरावे, अशी अपेक्षा करता येणार नाही, ही त्यामागची भूमिका. ती न्याय्यच म्हणावी लागेल.

मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५० नुसार राज्यांतर्गत विक्रीची सूचना विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यावयाची असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. गाडीवर कर्ज असेल तर ते फिटल्याचा बँकेचा दाखला आणि नमुना ३५ हवा. गाडी परराज्यातील असेल तर तेथील ना-हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. स्वस्तात मिळालेली गाडी हा हिशेब मांडल्यावर पुष्कळदा महाग ठरते. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज करावा. 'नो क्लेम बोनस' मात्र गाडीबरोबर येत नाही, तो विक्रेत्याचाच राहतो. थकलेले ई-चलन आधीच तपासावे.

कागदांनंतर गाडी. ती सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढावा. पुरात बुडालेल्या गाडीचा गाळ तिथे सापडतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या प्रलयाने ज्यांच्या गाड्या बुडवल्या, त्यांना ही गोष्ट निराळी सांगायला नको. मीटरवर किलोमीटर थोडे आणि पेडलचे रबर मात्र झिजलेले, असे दिसले तर आकड्यापेक्षा रबरावर विश्वास ठेवावा. चासी क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा आणि विक्रेत्याने सुचविलेला नव्हे, तर आपला मेकॅनिक सोबत न्यावा.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांनाही १ एप्रिल २०२३ पासून नियमांची चौकट लागू झाली आहे. अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी दिल्याची रीतसर नोंद झाली, की त्यानंतरची जबाबदारी त्याच्यावर जाते. ही तरतूद स्वागतार्ह आहे. परंतु मित्र, शेजारी, नातेवाईक यांच्यातील व्यवहाराला अशी चौकट नाही. तिथे दोघांची शिस्त हीच चौकट.

आणि नेमकी तिथेच आपण कमी पडतो. आप्ताकडे कागद मागणे आपल्याला अपमानास्पद वाटते. भीड ही भिकेची बहीण, असे वाडवडील उगीच म्हणत नसत. पैसे बँकेमार्फत देणे, ताबा घेतल्याची तारीख-वेळ लिहून दोघांनी सह्या करणे आणि नाव बदलेपर्यंत पाठपुरावा करणे, हा अविश्वास नव्हे. ते विक्रेत्याचेही रक्षण आहे. रस्त्यावरून पायी चालणाऱ्या अनोळखी माणसाविषयीचे कर्तव्यही त्यातच सामावले आहे. उद्या दुर्दैवाने काही घडलेच, तर त्याच्या घरच्यांना दाद मागायला खरे नाव सापडले पाहिजे. किल्ली हाती आली म्हणजे गाडी आपली झाली असे नाही. नोंदणीपुस्तकात नाव चढल्यावरच पेढे वाटावेत.