टॅबलेट : शिक्षकाच्या हाताखालचे साधन

लाखनी तालुक्यातील खराशीची जिल्हा परिषद शाळा टॅबलेटवर शिकणाऱ्या मुलांमुळे भंडारा जिल्ह्याबाहेरही ओळखली गेली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासननिर्णयानंतर राज्यभर लोकवर्गणीतून शाळांत डिजिटल साधने आली. प्राथमिक वर्गात टॅबलेट असावा की नसावा, याबद्दल तेव्हापासून दोन टोकांची मते मांडली जातात. दोन्ही तपासून पाहिली पाहिजेत.

पहिले मत असे की, मुलाच्या हाती यंत्र दिले की शिक्षण सुधारते. अनुभव याच्या उलट आहे. पेरू देशाने खेड्यांतील प्राथमिक शाळांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात मुलांच्या भाषा व गणितातील प्रगतीत फरक आढळला नाही. गुजरातेतील ‘ज्ञानशाळा’ या स्वयंसेवी संस्थेच्या वर्गांत ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने केलेला अभ्यास अधिक बोलका आहे. संगणकाने नेहमीच्या शिकवण्याची जागा घेतली, तिथे मुले गणितात मागे पडली. शाळेच्या वेळेबाहेर सरावासाठी तो वापरला, तिथे पुढे गेली आणि कच्च्या मुलांना अधिक लाभ झाला. म्हणजे फरक यंत्राने पडत नाही, ते कोणत्या जागी ठेवले याने पडतो.

दुसरे मत टॅबलेटला सरसकट विरोध करते. डोळे बिघडतील, मुले पडद्याच्या आहारी जातील, अक्षर बिघडेल, असे आक्षेप आहेत. ही काळजी खरी आहे. पण ती घरी तासन्‌तास एकट्याने पाहिलेल्या मोबाईलला लागू पडते. शिक्षकांसमोर, गटात, ठरलेली वीस मिनिटे, इंटरनेट बंद ठेवून केलेला सराव ही वेगळी गोष्ट आहे. अक्षर पाटी-पेन्सिलीनेच वळणदार होते आणि टॅबलेट आला म्हणून पाटी काढून घ्यावी लागत नाही. खेड्यात वीज जाते, नेटवर्क मिळत नाही, हा आक्षेपही टिकत नाही. धडे आधी उतरवून ठेवता येतात आणि चार्ज केलेला टॅबलेट शाळेची वेळ निभावून नेतो.

टॅबलेटची खरी गरज लहान शाळांत आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात, वर्ग मात्र चार-पाच. एका शिक्षकाकडे दोन-तीन वर्ग येतात. गुरुजी तिसरीला वाचन शिकवतात तेव्हा त्यांच्याकडची चौथीची मुले नुसती बसून राहतात. या वेळेत चार-पाच मुलांच्या गटाला एक टॅबलेट दिला, तर ज्याला वजाबाकीतला हातचा जमत नाही त्याला तोच सराव पुन्हा करता येतो. चूक तिथल्या तिथे कळते आणि सगळ्या वर्गासमोर लाजावे लागत नाही.

दुसरा लाभ भाषेचा आहे. भंडाऱ्यातील अनेक मुले घरी झाडीबोली बोलतात. पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी त्यांना शाळेतच भेटते. टॅबलेटवर धडा ऐकता येतो, स्वतःचे वाचन ध्वनिमुद्रित करून पडताळता येते. आजीने झाडीबोलीत सांगितलेली गोष्ट ध्वनिमुद्रित करून वर्गात ऐकवली, तर घरची बोली आणि पुस्तकाची भाषा दोन्हींना मान मिळतो. गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावाची किंवा भाताच्या रोवणीची छायाचित्रे मुलांनीच काढली, तर परिसर अभ्यास पुस्तकाबाहेर येतो.

यासाठी काही अटी पाळाव्या लागतील. प्रत्येक मुलाला एक यंत्र नको, गटाला एक पुरे. वापर पाठाला धरून असावा. दुरुस्तीची तरतूद खरेदीच्या वेळीच करावी आणि प्रशिक्षण वाटपाआधी व्हावे. रिक्त शिक्षकपदांना टॅबलेट हे उत्तर मुळीच नाही.

शिक्षकाला बाजूला सारणारा टॅबलेट नाकारावा. शिक्षकाच्या हाताखाली राबणारा टॅबलेट प्रत्येक द्विशिक्षकी शाळेला मिळावा. जिल्हा परिषदेने आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी खरेदीचा ठराव करण्याआधी तो कोणत्या वर्गात, कोणत्या पाठासाठी आणि किती वेळ वापरला जाणार, हे लिहून काढावे.