दोष कोणाचा मोठा?

सायकलवाला अधिक बेशिस्त कीं मोटारवाला, हा वाद पुण्यासारख्या शहरास नवा नाहीं. मोटारींतील गृहस्थ म्हणतात, सायकलवाला लाल दिवा जुमानीत नाहीं, उलट्या दिशेनें येतो आणि रात्रीं दिव्यावांचून फिरतो. सायकलवाला म्हणतो, मोटारवाला भोंगा वाजवीत अंगावर येतो आणि आमच्यासाठीं आंखलेल्या मार्गावर गाडी उभी करून खुशाल दुकानांत शिरतो. दोन्ही फिर्यादी खऱ्या आहेत. पण वादी व प्रतिवादी दोघेहि चुकले म्हणून दोघांचा दोष समसमान ठरतो काय? आमच्या मतें मुळींच नाहीं.

नियम किती वेळां मोडला, एवढ्यावरून अपराध मोजतां येत नाहीं. त्यायोगें दुसऱ्याच्या जिवास किती धोका पोंचला, हेंहि पाहावें लागतें. स्वारासह ८० किलो वजनाची सायकल ताशीं १५ किलोमीटर वेगानें जाते व १००० किलोची मोटार ६० किलोमीटर वेगानें धांवते, असें धरा. वजन साडेबारापट, वेग चौपट; आणि धडकेचा जोर वेगाच्या वर्गानें वाढत असल्यामुळें मोटारीचा आघात दोनशेंपट होतो. एकाच्या चुकीनें बहुधा त्याचेंच डोकें फुटतें. दुसऱ्याच्या चुकीनें परक्याचें घर उघडें पडतें.

सरकारी अहवालाप्रमाणें २०२२ सालीं देशांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत पादचारी सुमारें ३२,८०० आणि सायकलस्वार सुमारें ४,८०० होते. एकंदर मृत्यूंपैकीं शेंकडा सत्तरांहून अधिक मृत्यूंचें कारण अतिवेग, असें तोच अहवाल सांगतो. अतिवेगाचा हा आरोप सायकलीवर कोण ठेवील?

कायद्यानेंहि हा भेद अंशतः ओळखला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या दुरुस्तीनें, मोटारीच्या अपघातांत माणूस दगावल्यास, दोष सिद्ध न करितांहि वारसांस पांच लक्ष रुपये मागतां येतात. परंतु याहून अधिक भरपाई मागावयाची झाल्यास मोटारवाल्याची हयगय शाबीत करण्याचें ओझें बहुधा त्या निराधार कुटुंबावरच येतें. हॉलंडच्या १९९४ च्या कायद्यानें हें ओझें उलट बाजूस टाकिलें आहे: मोटारीनें सायकलस्वारास धडक दिल्यास, अपघात आपणांस टाळतां येण्यासारखा नव्हता हें मोटारवाल्यानें सिद्ध करावयाचें. न्याय्य पद्धति ती हीच.

याचा अर्थ सायकलस्वारास रान मोकळें, असा कोणीं करूं नये. उलट्या दिशेनें येणारा सायकलस्वार म्हाताऱ्या पादचाऱ्यास मोटारवाल्याइतकाच बेगुमान वाटतो. दिवा लावण्यास व लाल खुणेस थांबण्यास गरिबी आड येत नाहीं. मात्र त्याला शिस्त शिकविणाऱ्यांनीं त्याची वाट तरी त्याला मोकळी ठेविली आहे काय? एके काळीं सायकलींचें शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यांत २००६ सालीं जलद बससेवेबरोबर सायकलमार्ग बांधले गेले, २०१७ सालीं महापालिकेनें सायकल-आराखडाहि मंजूर केला. पण जे मार्ग झाले त्यांतील कित्येकांवर आज गाड्या व टपऱ्या उभ्या दिसतात.

व्यापारी बंधूंस आमचें सांगणें आहे कीं, दुकानापुढील तो पट्टा तुमच्या गिऱ्हाइकाच्या मोटारीचा नव्हे. सायकलीवरून कामास जाणारा मजूरहि तुमचें गिऱ्हाईकच आहे. पोलिसांनीं आधीं वेगास व बेकायदा उभ्या मोटारींस हात घालावा, मग सायकलच्या दिव्यास. जितकी सत्ता तितकी जबाबदारी, हें तत्त्व आपण परकी सरकारास ऐकविलें. स्वराज्य मिळाल्यावर स्वतः मोटारींत बसतांच तें विसरणें, हें स्वतंत्र राष्ट्राच्या नागरिकास शोभत नाहीं.