सवलतीचा दर आणि वर्षाचे बिल

घरी टेलिफोन यावा म्हणून अर्ज करून वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत ताटकळलेली पिढी अद्याप आपल्यात आहे. त्या पिढीपुढे तुलनेचा प्रश्नच नव्हता. देणारा एक, दर एक, आणि मिळेल तेव्हा घ्यावे ही एकच अट. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांना खुले केले, तेव्हाही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. आज जिन्याच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर आणि वर्तमानपत्रात घालून येणाऱ्या पत्रकांवर ब्रॉडबँडच्या सवलतींचा पूर लोटला आहे. पहिले काही महिने निम्मा दर, जोडणी मोफत, राउटर मोफत, करमणुकीची डझनभर ॲप मोफत! इतके सगळे मोफत मिळत असताना वर्षअखेरीस खिशातून एकूण किती गेले, याचा हिशेब मात्र ग्राहकाला सहजासहजी लागत नाही. तो लागू नये अशीच मांडणी केलेली असते, हे म्हणणे कठोर वाटेल. परंतु ते वस्तुस्थितीला सोडून नाही.

ही केवळ हौसेची बाब असती तर तिच्यावर या पानाची जागा खर्च करण्याचे कारण नव्हते. २०२० च्या टाळेबंदीत शाळा घराघरांत आली, आणि टाळेबंदी उठल्यावरही पूर्णपणे परत गेली नाही. यू-डायसवरील माहिती भरण्याचे काम अनेक शिक्षक रात्री घरी बसून पुरे करतात. अकरावीचे प्रवेश २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन झाले. स्पर्धा परीक्षेचा अर्ज, शुल्क, प्रवेशपत्र या सर्वांची वाट इंटरनेटवरूनच जाते. म्हणजे दूध, वीज आणि घरभाडे यांच्या पंक्तीला आता हा खर्च येऊन बसला आहे, आणि ठरावीक पगारात भागवणाऱ्या कुटुंबाने त्याकडे त्याच काटेकोर नजरेने पाहिले पाहिजे.

एक काल्पनिक परंतु नित्य आढळणारा नमुना घेऊ. पहिली कंपनी म्हणते, ‘फक्त ३९९ रुपये’. बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हा दर तीन महिन्यांपुरता, पुढे ७९९. जोडणीचे १,००० रुपये वेगळे. दुसरी कंपनी कसलाही गाजावाजा न करता सरळ ५९९ रुपये सांगते आणि जोडणीचे काही घेत नाही. जाहिरातीतील मोठा आकडा पाहणारा मनुष्य पहिलीकडे वळणार हे उघड आहे. आता वर्षाचा हिशेब मांडावा. पहिलीचे तीन महिन्यांचे १,१९७ आणि उरलेल्या नऊ महिन्यांचे ७,१९१, मिळून ८,३८८. त्यात जोडणीचे १,०००. या सर्वांवर १८ टक्के जीएसटी. एकूण ११,०७८ रुपये. दुसरीचे बारा महिन्यांचे ७,१८८ आणि त्यावरील कर धरून ८,४८२. ‘स्वस्त’ योजना जवळजवळ २,६०० रुपयांनी महाग पडली! चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला म्हणतात तो हाच. यात राउटरसाठी घेतलेली अनामत रक्कम धरलेलीच नाही. ती परत मिळते हे खरे, पण केव्हा आणि किती खेटे घातल्यावर, हे पत्रकात छापलेले नसते.

सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे पैसे एकदम भरल्यास एखादा महिना जादा देण्याची पद्धतही रूढ आहे. ज्याचे घर स्वतःचे आणि नोकरी एका गावची, त्याला ती लाभाची ठरू शकेल. परंतु मे महिन्यात बदलीचा आदेश हाती पडेल या धास्तीत असलेल्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकाने वर्षाचे पैसे आधी का गुंतवावेत? पुण्याच्या पेठेत कॉट बेसिसवर राहून परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी चौघांत मिळून घेतलेली जोडणी परीक्षेनंतर कोणाच्या कामाची? उरलेल्या मुदतीचे पैसे परत मिळतील का, जोडणी नव्या पत्त्यावर नेता येईल का, हे दोन प्रश्न पैसे भरण्यापूर्वी विचारायचे आहेत, आणि उत्तर लेखी घ्यायचे आहे. तोंडी आश्वासन देणारा विक्रेता सहा महिन्यांनी त्या कंपनीत असेलच असे नाही.

स्पर्धेने दर उतरले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. जिओ फायबरची सेवा सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली तेव्हा तिची सर्वांत स्वस्त योजना ६९९ रुपयांची होती. वर्षभरातच, सप्टेंबर २०२० मध्ये, ३० एमबीपीएसची योजना ३९९ रुपयांना उपलब्ध झाली आणि इतरांनाही हालचाल करावी लागली. दर ठरविण्याचे स्वातंत्र्य दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, कंपन्यांकडेच ठेवले आहे. या धोरणाचा लाभ ग्राहकाला मिळाला. परंतु स्पर्धेचे फळ ज्याला तुलना करता येते त्यालाच मिळते, आणि तुलना करायची तर दराच्या बदल्यात मिळते काय, हे आधी कळले पाहिजे.

येथे वेगाचा घोळ सुरू होतो. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; फायलींचे माप आपण मेगाबाइटमध्ये करतो, आणि आठ बिटांचा एक बाइट. सबब १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतात. शिवाय जाहिरातीत ‘पर्यंत’ हा एक निरुपद्रवी दिसणारा शब्द असतो. सारी कायदेशीर सुरक्षितता त्यात दडलेली असते. किमान वेग किती, हे कोणी आपणहून सांगत नाही. सरकारी व्याख्येचा आधार घ्यावा तर तीही फार धावत नाही. २००४ साली २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, २०१३ मध्ये ५१२, आणि २०२३ मध्ये कोठे ही मर्यादा २ एमबीपीएसवर आली. प्रत्यक्षात चांगल्या प्रतीचे चित्र पाहण्यास सुमारे ५ एमबीपीएस पुरतात. अतिसूक्ष्म ‘फोर-के’ चित्रास १५ ते २५ लागतात. एका मुलाचा वर्ग, दुसऱ्याचा क्रिकेटचा सामना आणि आईची कार्यालयीन बैठक एकाच वेळी चालली, तरी चौघांच्या घराला ३० ते ५० एमबीपीएस पुरेसे आहेत. तीनशेची योजना गळ्यात मारून घेण्याचे कारण नाही.

वेगापेक्षा महत्त्वाची आहे ती तार. टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या तारेवरून येणारे ब्रॉडबँड एक्स्चेंजपासूनच्या अंतराने बांधलेले असते. एडीएसएलच्या सुधारित प्रकाराची कमाल २४ एमबीपीएस. पण तीन-चार किलोमीटर अंतरावर त्यातले जेमतेम काही उरतात, आणि अपलोडचा वेग त्याहूनही थोडा. पन्नास पानांची स्कॅन केलेली कागदपत्रे संकेतस्थळावर चढविताना गोल फिरणारे चक्र पाहत बसलेल्या शिक्षकाला डाउनलोडचा आकडा काय कामाचा? योजना पाहताना अपलोडचा वेग स्वतंत्रपणे विचारावा तो याचसाठी. तांब्याची तार पावसात गंजते, चोरीला जाते, आणि वीज कडाडली की मोडेमही जाळते.

फायबर या सर्वांतून बरेचसे मुक्त आहे. काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही, अंतराने फारसा थकत नाही. पण फायबर म्हणजे प्रत्येकाला स्वतंत्र राजमार्ग, ही समजूत चुकीची होय. आपल्याकडे प्रचलित असलेल्या जीपॉन पद्धतीत सुमारे २,५०० एमबीपीएसचा एक प्रवाह बहुधा ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. चौसष्टही घरांनी एकाच क्षणी पूर्ण जोर लावला तर प्रत्येकाच्या वाट्याला चाळीसहून कमीच येतील. एरवी तसे घडत नाही, म्हणून हा व्यवहार चालतो. रात्री नऊ वाजता जोडणी का मंदावते, याचे एक कारण मात्र येथे सापडते. दुसरी गोष्ट अशी, की ‘फायबर’ या नावाखाली पुष्कळदा तंतू इमारतीच्या तळापर्यंतच येतो, आणि पुढे जिन्यातील पेटीतून साधी केबल वर चढते. ही पद्धत वाईट नव्हे. परंतु जिन्यातील वीज गेली की सगळ्या मजल्यांचे इंटरनेट गेले. घरातल्या पेटीलाही वीज लागतेच. जुना टेलिफोन एक्स्चेंजच्या विजेवर चालत असे आणि घरात काळोख असतानाही वाजत असे. ती सोय आता संपली. जेथे भारनियमन आहे, तेथे १२ व्होल्टचा छोटा यूपीएस हा जोडणीच्या खर्चाचाच भाग मानावा.

तिसरा प्रकार बिनतारी. २०२३ पासून फाइव्ह-जीवर चालणाऱ्या घरगुती जोडण्या मिळू लागल्या. गच्चीवर किंवा खिडकीत एक ग्राहक-यंत्र बसवले की काम झाले. जेथे तंतू पोचत नाही, किंवा झाडे पडून तो दर पावसाळ्यात तुटतो, अशा कोकणातील वाडीला हा पर्याय वरदान ठरावा. मात्र टॉवरचे अंतर, मधली इमारत आणि त्याच टॉवरवरचे शेजारी यांवर वेग अवलंबून राहतो. दोन्ही उपलब्ध असतील तेथे तार सोडून हवेवर जाण्याचे प्रयोजन दिसत नाही. उपग्रहाची चर्चा सध्या बरीच आहे. बहुसंख्य पगारदारांच्या हिशेबात ती आज बसत नाही.

‘अमर्याद’ या शब्दाचेही असेच आहे. अनेक फायबर योजनांत महिन्याला ३,३०० जीबीनंतर वेग उतरतो. ही मर्यादा मोठी आहे. ३० एमबीपीएसने सलग दहा दिवस-रात्र डाउनलोड केल्याखेरीज ती गाठली जाणार नाही. बिनतारी योजनांत मर्यादा बहुधा याहून बरीच खाली असते, आणि तिथे ती जाचू शकते. मर्यादा आणि त्यानंतरचा वेग ग्राहकाला स्पष्ट सांगावा, तसेच तो वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नये, असे ‘ट्राय’ने २०१६ मध्ये बजावले होते. सांगितले जाते, पण तळटीपेत.

आणि निवडच नसेल तर? कित्येक गृहसंकुलांत बिल्डर किंवा सोसायटीचे पदाधिकारी एकाच पुरवठादाराला आत येऊ देतात. मग तुलनेचे सारे शास्त्र फाटकाबाहेर राहते. इमारतींना त्यांच्या इंटरनेट-सोयीनुसार दर्जा देण्याची नियमावली ‘ट्राय’ने २०२४ मध्ये केली, ती योग्य दिशेने आहे, परंतु तोवर सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय मांडणे सभासदांच्या हाती आहे. पार्किंगवरून दोन तास वाद घालणाऱ्या सभेला यासाठी दहा मिनिटे सापडावीत.

खरा उपाय नियामकाकडेच आहे. अमेरिकेत तेथील संघीय दळणवळण आयोगाने एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून लहान कंपन्यांनाही, प्रत्येक योजनेसोबत एक ठरावीक तक्ता दाखविणे सक्तीचे केले आहे. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर घटकांची चौकट असते, तशीच ही चौकट: मासिक दर, तो प्रास्ताविक असल्यास नंतरचा दर, एकरकमी शुल्क, मुदतीआधी सोडल्यास दंड, डाउनलोड, अपलोड आणि डेटाची मर्यादा. आपल्याकडे असा तक्ता, करासह वर्षाच्या एकूण रकमेसकट, आणि राज्याच्या भाषेत छापण्याची सक्ती करण्यास अडचण कोणती? औषधाच्या पट्टीवर सर्व करांसह कमाल किंमत छापता येते, मग ब्रॉडबँडच्या पत्रकावर का नाही?

बिघाडाच्या दिवसांचे भाडे ग्राहकाने का द्यावे, हा प्रश्नही त्याच चौकटीत यावा. दुरुस्तीस तीन कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक वेळ लागल्यास भाड्यात सूट द्यावी, हे तत्त्व २००६ सालच्या नियमावलीतच मान्य झाले होते. किती ग्राहकांनी ती सूट मागितली असेल? ‘ट्राय’ वैयक्तिक तक्रारी सोडवीत नाही. आधी कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि समाधान न झाल्यास तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे लागते. दूरसंचाराच्या तक्रारी ग्राहक न्यायालयात चालत नाहीत, असे सांगून पूर्वी ग्राहकाला परत पाठविले जाई. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ती शंका दूर केली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंत मोबदला दिलेल्या सेवेच्या दाव्यास शुल्क पडत नाही. अर्जासोबत पावती, तक्रारीचा क्रमांक आणि ज्यावर तो मोठा आकडा छापला होता ते पत्रक जोडावे.