अब्रूच्या ठेकेदारांनो, हिशेब द्या!

१४ ऑगस्ट जवळ आला की फाळणीच्या आठवणींना सरकारी बहर येतो. २०२१ पासून या तारखेला ‘विभाजन विभीषिका स्मृती दिन’ असे नावही मिळाले आहे. प्रदर्शने भरतात, आगगाडीच्या टपावर दाटीवाटीने बसलेल्या निर्वासितांची छायाचित्रे टांगली जातात आणि व्यासपीठावरून टाहो फुटतो, ‘आमचे किती मेले!’ सीमेपलीकडेही हाच टाहो असतो. फक्त ‘आमचे’ कोण, ते बदलते. आपण किती मारले हे सांगायला मात्र दोन्हीकडे कोणाची जीभ रेटत नाही. मेलेल्यांच्या नावावर चाललेली ही दुकानदारी आता पुरे. एकदा खरा हिशेब होऊनच जाऊ द्या!

धर्माच्या नावाने रेघ ओढली की माणूस स्वतःचा उरत नाही, तो जमातीची मालमत्ता होतो. ३ जून १९४७ ला फाळणीची घोषणा झाली. सीमा आखायला आलेले सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलैला दिल्लीत उतरले. हिंदुस्थानात त्यांचे हे पहिलेच पाऊल. नकाशे आणि शिरगणतीचे तक्ते पुढ्यात घेऊन पाच आठवड्यांत त्यांनी पंजाब आणि बंगाल चिरले. तो निवाडा प्रसिद्ध झाला १७ ऑगस्टला, दोन्ही देश जन्माला आल्यानंतर! मुर्शिदाबादेत पाकिस्तानचा झेंडा चढला होता, खुलन्यात तिरंगा. दोन्ही उतरवावे लागले. झेंडे उतरवता आले, पंजाबातली कत्तल कोणाला आवरली नाही. सव्वा कोटीच्या आसपास माणसे देशोधडीला लागली. मृतांचे अंदाज दोन लाखांपासून वीस लाखांपर्यंत जातात. म्हणजे मेलेल्यांची साधी मोजदादही कोणी धड केली नाही.

रॅडक्लिफ परका होता, त्याला शिव्या घालणे सोपे आहे. पण मार्च १९४७ मध्ये, त्याचे नावही इकडे कोणी ऐकले नव्हते तेव्हा, रावळपिंडी जिल्ह्यातल्या थोहा खालसा गावी शीख बायकांनी मुलाबाळांसह विहिरीत उड्या घेतल्या. विहीर प्रेतांनी इतकी भरली की शेवटच्या काही जणींना बुडायला पाणी उरले नाही. कितीतरी गावांत बापांनी पोटच्या पोरींच्या मानेवर स्वतःच्या हाताने तलवार चालवली. याला आपण बलिदान म्हणतो आणि हात जोडून मोकळे होतो. ज्या समाजाने आपल्या लेकींना विहिरीखेरीज दुसरी वाटच ठेवली नाही, त्याला जाब कोणी विचारायचा? घराण्याची अब्रू बाईच्या देहात साठवलेली असते, ही समजूत हिंदू, मुसलमान, शीख सगळ्यांची एकच होती. म्हणूनच सूड उगवताना प्रत्येकाने बाईच गाठली. देवळे-मशिदी निराळ्या, नजर तीच!

आणि सरकारने या नजरेवर कायद्याचा शिक्का मारला. पळवलेल्या बायका परत आणण्याचा करार दोन्ही देशांत ६ डिसेंबर १९४७ ला झाला. मृदुला साराभाई, कमलाबेन पटेल यांच्यासारख्यांनी जीव धोक्यात घालून हजारो जणींना सोडवले, ते ऋण फिटणारे नाही. पण ज्या वर्षी संविधान स्वीकारले, त्याच १९४९ च्या डिसेंबरात आलेला अपहृत व्यक्तींचा कायदा काय सांगतो? १ मार्च १९४७ नंतर दंगलीच्या काळात घरच्यांपासून तुटलेली आणि दुसऱ्याच्या घरी सापडलेली मुसलमान स्त्री ‘अपहृत’, मग तिचे वय काहीही असो! मुलगा सोळा वर्षांचा झाला की या व्याख्येतून सुटे. बाई साठीची झाली तरी सुटत नसे. सहायक फौजदाराला वॉरंटाशिवाय घरात शिरता येई आणि छावणीतल्या स्थानबद्धतेविरुद्ध कोर्टाचे दार बंद. ‘बाई, तुला कुठे राहायचे आहे?’ एवढे विचारण्याची त्या कायद्यात सोय नव्हती. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. ज्यांचे संसार रुजले होते, मांडीवर मूल होते, त्यांनाही दुसऱ्यांदा उपटले गेले. आणि तिकडून परतलेल्या आपल्या लेकींना घरात घ्या, म्हणून गांधी-नेहरूंना याच समाजाच्या विनवण्या कराव्या लागल्या. अग्निपरीक्षेची हौस आपल्याला किती जुनी!

ज्यांना अब्रूच नाकारली होती, त्यांची गत याहून नागडी. कराचीचे दलित सफाई कामगार भारतात यायला निघाले, तर अत्यावश्यक सेवा म्हणून सिंध सरकारने त्यांना अडवले. शेठ गेला, वकील गेला, मास्तर गेला. मैला उचलणारा तेवढा राहिलाच पाहिजे! डॉ. आंबेडकरांनी १९४७ च्या नोव्हेंबरात पाकिस्तानातल्या दलितांना निघून या, अशी हाक दिली ती उगाच नव्हे. पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री जोगेंद्रनाथ मंडल हे स्वतः दलित; १९५० मध्ये राजीनामा देऊन त्यांना कलकत्ता गाठावे लागले. देश धर्मावर तुटला, झाडू मात्र जातीच्याच हातात राहिला.

‘लोकसंख्येची अदलाबदल पुरती झाली असती तर कटकट मिटली असती,’ असे म्हणणारे शहाणे आजही भेटतात. पंजाबात ती जवळजवळ पुरती झाली. मग १९६५, १९७१ आणि १९९९ ची युद्धे कशाने घडली? धर्म देश सांधतो म्हणावे, तर तोच पाकिस्तान भाषेच्या आणि सत्तेच्या भांडणात फुटला. बिहारमधून पूर्व पाकिस्तानात गेलेले उर्दूभाषक मुसलमान ढाक्याच्या जिनिव्हा कॅम्पात बिनदेशाचे कुजत राहिले. नागरिकत्वासाठी त्यांना न्यायालयाच्या २००८ च्या निकालाची वाट पाहावी लागली. सिंध अख्खा गेला आणि सिंधी बिनप्रांताचे झाले. कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्यांनी उल्हासनगर उभे केले. पण तिथला पत्ता आजही कॅम्प नंबरानेच सांगतात.

हे पंजाब-बंगालचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणाऱ्या मराठी माणसाने आपला उंबरठा बघावा. आडनाव ऐकून फ्लॅट नाकारणाऱ्या प्रत्येक सोसायटीत एक रॅडक्लिफ बसला आहे, आणि त्याला पाच आठवडेही लागत नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये, फुले-आगरकरांच्या याच महाराष्ट्रात, आंतरधर्मीय विवाह केलेल्या मुली आणि त्यांचे माहेर यांच्यात ‘समन्वय’ साधायला सरकारने समिती नेमली. सज्ञान बाईने कोणाशी संसार थाटावा, याची पंचाईत सरकारला कशाला? १९४९ चा तो कायदा १९५७ मध्ये संपला. त्याच्या मागची बुद्धी अजून नोकरीवर आहे.

आमचे म्हणणे स्वच्छ आहे. १४ ऑगस्टच्या प्रदर्शनात थोहा खालसाची विहीर दाखवा, आणि तिच्याशेजारी पूर्व पंजाबात कापून काढलेले मुसलमानांचे काफिलेही दाखवा. तो अपहृतांचा कायदा शाळेच्या पुस्तकात शिकवा. विशेष विवाह कायद्यातली लग्नाआधीची ३० दिवसांची जाहीर नोटीस रद्द करा आणि असल्या समित्या गुंडाळा. एवढे करूनही ज्यांना धर्माच्या नावाने आणखी रेघा ओढायच्या आहेत, त्यांनी आधी सांगावे: या खेपेला विहिरीत कोणाची लेक ढकलणार, स्वतःची की शेजाऱ्याची? उत्तर देण्याची छाती नसेल, तर हातातला खडू खाली ठेवा!